दगडी फायरप्लेस असलेल्या खोलीत टीव्ही कुठे आणि कसा लावायचा

मोठी दगडी फायरप्लेस असलेल्या बैठकीच्या खोलीत टीव्ही आणायचं ठरलं की बहुतेकांची नजर आधी फायरप्लेसच्या वरच्या मोकळ्या भिंतीवर जाते. ती जागा मधोमध असते, रिकामी असते आणि सगळ्यांना दिसते. पण तिचा विचार सगळ्यात शेवटी करावा. तिथे टीव्ही उंच बसतो, खालून ऊब लागते, दगडात भोकं पाडावी लागतात आणि वायर लपवायला जागा नसते. बाकीच्या जागा तपासून झाल्यावर वरच लावायचा ठरला तर तोही नीट लावता येतो, फक्त कामाचा क्रम चुकवू नका. आधी बसायची जागा ठरवा, मग टीव्हीचा आकार, मग टीव्हीची जागा आणि सगळ्यात शेवटी ब्रॅकेट, म्हणजे टीव्ही भिंतीवर धरून ठेवणारी पट्टी. दुकानातून आधी टीव्ही आणि ब्रॅकेट आणून मग भिंत शोधणाऱ्यांची पंचाईत होते.

मोजमाप

लागणारं सामान साधं आहे: मोजपट्टी, पाणसळ, मास्किंग टेप, सुतळी, मोठा पुठ्ठा आणि दोन साधे थर्मामीटर. थर्मामीटर हवेचं तापमान मोजणारे हवेत, तापाचे नकोत.

सोफ्यावर नेहमी बसता तसे टेकून बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी जमिनीपासून तुमच्या डोळ्यापर्यंतची उंची मोजायला सांगा. बहुतेक सोफ्यांवर ती १०० ते ११० सेंटिमीटर भरते. पुढची सगळी गणितं याच आकड्यावर चालतात, त्यामुळे अंदाजाने लिहू नका.

मग टीव्हीचा आकार. पडद्याचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपे मोजलेले असतात. ५५ इंची पडदा साधारण १२२ सेंमी रुंद आणि ६९ सेंमी उंच असतो, ६५ इंची १४४ बाय ८१, तर ७५ इंची १६६ बाय ९३. बसायचं अंतर या तिरप्या मापाच्या सव्वापट ते दीडपटीच्या थोडं वर, म्हणजे १.२ ते १.६ पट असलं की पडदा डोळ्यांत नीट मावतो. ५५ इंचीसाठी ते १७० ते २२५ सेंमी येतं, ६५ इंचीसाठी दोन मीटर ते दोन मीटर ६५ आणि ७५ इंचीसाठी २३० ते ३०५. फायरप्लेस मोठी असेल तर सोफा आगीपासून दोन-अडीच मीटर लांब ठेवावाच लागतो, नाहीतर भर जाळात तिथे बसवत नाही. म्हणून अशा खोल्यांत ४३ इंची टीव्ही जवळजवळ नेहमीच लहान वाटतो. तीन-चार मीटर उंच दगडी भिंतीशेजारी तो आणखीच लहान दिसतो.

आकार पक्का करण्याआधी पुठ्ठा त्या मापाचा कापा, काळा कागद चिकटवा किंवा रंग द्या आणि मनात असलेल्या प्रत्येक जागी टेपने लावून एकेक संध्याकाळ राहू द्या. कागदावर छान दिसणारी जागा प्रत्यक्षात खिडकीच्या उजेडाने निरुपयोगी ठरू शकते, आणि हे पुठ्ठ्यावर कळलेलं बरं.

झळ कुठवर पोहोचते

आगीची उष्णता टीव्हीपर्यंत दोन वाटांनी येते. एक झळ, जी आगीपासून सरळ रेषेत सुटते. दुसरी गरम हवा, जी फायरप्लेसच्या तोंडातून बाहेर पडून दगडाला घासत वर जाते. झळीचा नियम सोपा आहे: जिथून आग दिसते तिथे झळ लागते. दगडाच्या आड असलेल्या जागेला झळ लागत नाही, मग ती आगीपासून हातभर अंतरावर का असेना.

हे सुतळीने तपासता येतं. सुतळीचं एक टोक आगीच्या कोनाड्यात, लाकडं जळतात त्या जाळीच्या दूरच्या पुढच्या कोपऱ्याला बांधा. सुतळी ताणून तोंडाच्या जवळच्या कडेला टेकवत बाहेर खोलीत आणा. सुतळीच्या आगीकडच्या बाजूला जे काही येईल त्याला झळ लागणार, आणि पलीकडचं सगळं सावलीत राहील. दोन्ही बाजूंना असं करून जमिनीवर टेपने रेघ मारा. या रेघेच्या आतल्या पट्ट्यात तोंडापासून निदान ९० सेंमीपर्यंत टीव्ही, लाकडी कपाट, पडदा, गालिचा असं जळण्याजोगं काहीही नको. तोंड मोठं असेल आणि रात्रभर आग पेटती राहत असेल तर हे अंतर आणखी वाढवा. फायरप्लेससोबत आलेल्या पुस्तिकेत यापेक्षा जास्त अंतर दिलं असेल तर तेच पाळायचं.

शेजारी लावणं: पहिली पसंती

बऱ्याच दगडी फायरप्लेस भिंतीपासून ३० ते ६० सेंमी पुढे आलेल्या असतात, त्यामुळे दोन्ही अंगांना खाचेसारखी जागा उरते. टीव्ही या खाचेत ठेवला की तो तोंडाच्या प्रतलाच्या मागे जातो, म्हणजे त्याला आग दिसतच नाही. उंचीही आपोआप जमते. ५० सेंमी उंचीचं बैठं कपाट, त्यावर टीव्हीचे पाय सात सेंमी, त्यावर ६५ इंची पडद्याची अर्धी उंची ४० सेंमी, असा पडद्याचा मध्य ९७ सेंमीवर येतो. डोळा १०५ वर असेल तर हे जवळजवळ आदर्श आहे. मध्य डोळ्याच्या किंचित खाली असलेला चालतो, उलट बरा वाटतो.

खाचेची रुंदी टीव्हीच्या रुंदीपेक्षा निदान २० सेंमी जास्त हवी, म्हणजे दोन्ही बाजूंना हवा खेळते. मागे पाच ते दहा सेंमी मोकळे ठेवा. टीव्ही खाचेत खोल घुसवू नका. दगडाची कड पडद्याच्या पुढे आली की पलीकडच्या खुर्चीतल्या माणसाला पडद्याचा एक भाग दिसत नाही. अशा वेळी पुढे ओढता येणारा हाताचा, म्हणजे दुमडत्या दांड्याचा ब्रॅकेट लावा किंवा कपाट थोडं पुढे घ्या, पण सुतळीच्या रेघेच्या बाहेरच. आग चालू असताना दगडाची बाजूची भिंतही तापते, म्हणून कपाट तिला चिकटवू नका. एकदा आग पेटवून दोन तासांनी त्या भिंतीवर हात ठेवा. हात सहज टिकत नसेल तर मधे वीतभर जागा सोडा.

टीव्ही एका बाजूला आला की खोली एका अंगाला कलल्यासारखी दिसेल, अशी धास्ती बऱ्याच जणांना असते. यावर उपाय आहे. दुसऱ्या खाचेत दुसरं काळं चौकोनी काही ठेवून समतोल साधायला जाऊ नका. त्यापेक्षा टीव्हीखालचं कपाट बैठं आणि लांब घ्या, टीव्हीमागची भिंत गडद रंगाची करा आणि दुसऱ्या खाचेत जमिनीपासून वरपर्यंत पुस्तकांची मांडणी किंवा सरपणाची रास येऊ द्या. गडद भिंतीवर बंद पडदा नजरेत भरत नाही आणि फायरप्लेसच खोलीचं मुख्य अंग राहते. लहान मुलं असतील तर पायांवर उभा टीव्ही पट्ट्याने भिंतीला किंवा कपाटाला बांधलाच पाहिजे.

लगतची भिंत, समोरची भिंत

खाचा नसतील किंवा अरुंद असतील तर काटकोनातली लगतची भिंत बघा. इथे इंग्रजी एल आकाराचा सोफा किंवा एक सोफा आणि एक फिरती खुर्ची अशी मांडणी उत्तम बसते. सोफ्याची लांब बाजू टीव्हीकडे ठेवा, आग कुशीला राहील. टीव्ही बघणाऱ्याला आगीसाठी मान वळवावी लागते, पण आगीकडे माणूस टक लावून तासभर बघत नाही, त्यामुळे ते चालतं. टीव्ही मात्र कोपऱ्याच्या फार जवळ नको. फायरप्लेसकडची त्याची कड सुतळीच्या रेघेबाहेर आहे ना, हे इथेही बघायचं.

समोरच्या भिंतीचा मोह टाळावा. तिथे टीव्हीचा काळा पडदा आरशासारखा वागतो आणि अंधाऱ्या प्रसंगांत पडद्यावर पात्रांऐवजी तुमच्याच फायरप्लेसच्या ज्वाळा नाचताना दिसतात. शिवाय सोफा एकाकडे पाठ केल्याशिवाय दुसऱ्याकडे तोंड करू शकत नाही. खोली लांबुळकी असेल आणि बैठक सगळी फिरत्या खुर्च्यांची असेल तरच हा पर्याय जमेल.

वरच लावायचा असेल तर आधी तापमान मोजा

आता ती मधली जागा. इथे टीव्ही लावणं चालेल की नाही हे फायरप्लेस ठरवते, आणि ते तिलाच विचारायचं.

आधी आगीच्या तोंडावरचा दगड आणि त्याच्या वर भिंतीतून पुढे आलेल्या आडव्या फळीची खालची बाजू नीट बघा. तिथे काळा किंवा तपकिरी पट्टा चढला असेल तर धूर खोलीत येतो आहे. अशा जागी टीव्हीच्या मागच्या जाळ्यांतून काजळी आत जाते, सर्किटवर तेलकट थर बसतो आणि धूळ त्याला चिकटते. हा टीव्ही एका दिवसात मरत नाही, हळूहळू तापत जातो. म्हणून आधी धुराड्याचा ओढा, म्हणजे धूर वर खेचण्याची क्षमता, दुरुस्त करून घ्या, मग पुढचं.

मग तापमानाची चाचणी. टीव्हीची खालची कड जिथे येईल तिथे एक थर्मामीटर आणि मध्य येईल तिथे दुसरा लावा. ते दगडाला चिकटवू नका. लाकडी पट्टीने भिंतीपासून पाच-सहा सेंमी पुढे टांगा, कारण टीव्ही तिथल्या हवेत राहणार आहे. आता आग पेटवा, आणि तुमच्याकडे जास्तीत जास्त जेवढी मोठी आग लागते तेवढीच पेटवा. तीन तास ती तशीच चालू ठेवून दर अर्ध्या तासाने आकडे लिहा. आग उतरल्यावरही तास-दीड तास लिहित राहा. ही पायरी नेमकी गाळली जाते. जाड दगड उष्णता सावकाश शोषतो आणि सावकाश सोडतो, त्यामुळे वरच्या भागाचं तापमान निखारे झाल्यावरही चढत राहू शकतं. तासाभरात मोजून निर्धास्त झालेल्यांना हे कळत नाही.

घरगुती टीव्हींच्या पुस्तिकांमध्ये वापराची कमाल मर्यादा बहुतेक वेळा ४० अंश सेल्सियस असते. तुमच्या टीव्हीची पुस्तिका उघडून खात्री करा. टीव्ही स्वतःही उष्णता सोडतो, म्हणून चाचणीत ३२ अंशांच्या आत आकडा राहिला तर जागा चांगली समजा. ३२ ते ४० च्या दरम्यान असेल तर आडवी फळी जास्त खोल करून किंवा तोंडावर धातूचा पुढे आलेला पत्रा बसवून गरम हवा खोलीकडे वळवा आणि चाचणी पुन्हा करा. ४० च्या वर गेला तर हा विषय संपला. ‘आग पेटलेली असताना टीव्ही बंद ठेवू’ हा उपाय नाही, कारण बंद टीव्हीचा पडदा, गोंद आणि प्लास्टिकही तापतं. ओएलईडी पडदे उष्णतेत आणखी लवकर म्हातारे होतात.

फळी लाकडी असेल तर तिचंही अंतर बघा. आगीच्या तोंडापासून १५ सेंमीच्या आत जळण्याजोगं काहीही नसावं, आणि १५ ते ३० सेंमीच्या पट्ट्यात लाकूड जितकं लांब तितकंच थोडं पुढे आलेलं चालतं: दर अडीच सेंमी अंतरामागे तीन मिलिमीटर, हा प्रचलित हिशेब आहे. म्हणजे तोंडापासून २० सेंमीवरची लाकडी फळी अडीच सेंमीच्याही आतच पुढे यायला हवी. खोल फळी हवी असेल तर ती वर न्यावी लागते आणि ती वर गेली की टीव्हीही वर जातो. वरच्या जागेचा खरा तिढा हाच आहे. अशा ठिकाणी फळी दगडाचीच केलेली परवडते.

विजेवर चालणाऱ्या फायरप्लेसला धुराडं नसतं. गरम हवा समोरून खालच्या बाजूने बाहेर पडत असेल तर वर टीव्ही बहुधा निर्धास्त राहतो. वरच्या जाळीतून फुंकत असेल तर चाचणी करायचीच. गॅसच्या फायरप्लेसमध्ये काचेच्या वरच्या जाळीतून बरीच ऊब येते, आणि तिच्या पुस्तिकेत वरच्या अंतराचे आकडे छापलेले असतात. ते अंदाजाने बदलू नका. फायरप्लेस वापरातच नसेल तर तापमानाची अडचण नाही, पण धुराड्याची झडप बंद करून घ्या, नाहीतर वरून काजळी, थंड वारा आणि ओल येत राहते.

मानेचं गणित

टीव्हीच्या मध्याची उंची घ्या, त्यातून डोळ्याची उंची वजा करा आणि उत्तराला बसायच्या अंतराने भागा. भागाकार ०.२७ आला की नजर १५ अंश वर करावी लागते. बहुतेक लोकांना तोवर चालतं, त्यापुढे मान दुखायला लागते.

उदाहरणार्थ फळीचा माथा १४० सेंमी, त्यावर १५ सेंमी मोकळे आणि ६५ इंची टीव्हीची अर्धी उंची ४० सेंमी, म्हणजे मध्य १९५ वर. डोळा १०५ वर असला की फरक ९० सेंमीचा. तीन मीटरवरून भागाकार ०.३० येतो, म्हणजे जवळजवळ १७ अंश. अडीच मीटरवरून २० अंश. चार मीटरवर गेलात तर १३ अंशांवर येतो, पण चार मीटरवरून ६५ इंची पडदा लहान वाटतो. ८५ इंची घेतला तर मध्य आणखी वर सरकून कोन पुन्हा साडेचौदा अंशांवर जातो. मागे सरकणं आणि मोठा टीव्ही घेणं हे एकमेकांचा फायदा खाऊन टाकतात. त्यातून मार्ग काढायचा तर फळी खाली घ्या किंवा काढूनच टाका, पाठ मागे टेकता येणाऱ्या खुर्च्या घ्या, नाहीतर खाली ओढता येणारा ब्रॅकेट लावा.

टीव्ही पुढे झुकवणारा ब्रॅकेट मान वाचवतो, असा समज पसरला आहे. त्याने चित्र तुमच्याकडे वळतं एवढंच. साध्या एलसीडी पडद्यांचे रंग कोनातून फिके होतात, त्यासाठी तो उपयोगी आहे. मान जितकी वर करायची तितकी करावीच लागते.

ब्रॅकेट निवडणं

टीव्हीच्या पाठीवर चार भोकं असतात. त्यांच्यातलं आडवं आणि उभं अंतर मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं: २०० बाय २००, ४०० बाय ४००, ६०० बाय ४०० वगैरे. ब्रॅकेट त्याच मापाचा आणि टीव्हीच्या वजनापेक्षा बराच जास्त भार पेलणारा घ्या.

पुढे ओढता येणारा किंवा खाली उतरणारा ब्रॅकेट घेत असाल तर एक हिशेब डोक्यात ठेवा. २५ किलोचा टीव्ही भिंतीपासून ५० सेंमी पुढे आला आणि भिंतीवरच्या पट्टीत वरच्या-खालच्या बोल्टांत २० सेंमी अंतर असेल, तर वरच्या बोल्टांवर भिंतीतून बाहेर खेचणारी ओढ सुमारे ६२ किलोंची येते. टीव्ही भिंतीला लगटून असताना ती किरकोळ असते. म्हणून हाताचा ब्रॅकेट कच्च्या दगडात लावायचा नाही, आणि घ्यायचाच तर पट्टी उंच घ्यायची. खाली उतरणाऱ्या ब्रॅकेटमध्ये टीव्ही आगीच्या तोंडासमोर येतो. आग पेटलेली असताना किंवा निखारे असताना तो कधीही खाली ओढू नका. मुलांच्या हाती लागणार असेल तर तो ब्रॅकेट घेऊच नका.

दगडात भोक पाडणं

आधी दगड खरा आहे की चिकटवलेला, ते ठरवा. हातोडीच्या लाकडी दांड्याने जागोजागी हलकेच ठोका. भरीव, बद्द आवाज आला तर जाड दगड आहे. पोकळ टकटक आली तर दोन-चार सेंमीची दगडी कपची लावलेली आहे. कपचीत कोणताही बोल्ट टिकत नाही. तो कपचीतून आरपार जाऊन मागच्या चौकटीत किंवा भिंतीत रुतला पाहिजे आणि तोही जास्त आवळायचा नाही, नाहीतर कपची तडकते. चौकटीआड धातूचं धुराडं उभं असू शकतं. तो मार्ग कुठून जातो हे कळल्याशिवाय लांब स्क्रू आत घालू नका.

जाड दगडातही तीच भीती आहे. दगडामागे धुराचा मार्ग असतो. भोक त्या मार्गात गेलं तर धूर आणि कार्बन मोनॉक्साइड खोलीत येण्याची वाट तयार होते. भिंतीची जाडी माहीत नसेल तर ड्रिल हातात घ्यायचं नाही, आधी धुराड्याची तपासणी करणाऱ्या माणसाला दाखवायचं. आगीच्या तोंडावरचा आडवा लिंटेलचा दगड किंवा कमानीचे दगड यांतही भोक नको, वरचं सगळं वजन त्यांच्यावर तोललेलं असतं.

भोक दगडात घ्यायचं की दोन दगडांमधल्या दरजेत, यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. दरजेतलं भोक सोपं असतं आणि पुढे बुजवलं तर दिसत नाही, पण जुन्या चुन्याच्या दरजा भुसभुशीत असतात. नखाने किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडून बघा. पूड पडत असेल तर तिथे टीव्ही टांगायचा नाही. चांगल्या, मोठ्या दगडाच्या मध्यभागी, कडेपासून निदान आठ ते दहा सेंमी आत घेतलेलं भोक भरवशाचं. भोकात पसरून पकड घेणारे धातूचे अँकर दगडाच्या कडेजवळ आवळले की दगड चिरतो, म्हणून दगडी कामात रसायन भरून बसवायचा आटेदार रॉड बरा. आठ मिलिमीटरच्या रॉडला १० मिलिमीटरचं भोक आणि साधारण ८० मिलिमीटर खोली लागते, दहाच्या रॉडला १२ मिलिमीटर आणि ९०. उष्णतेत रसायनाची पकड कमी होते, म्हणून डब्यावर लिहिलेली तापमानाची मर्यादा तुमच्या चाचणीतल्या दगडाच्या तापमानाशी ताडून बघा.

काम असं करायचं. सहा मिलिमीटरच्या बिटने, ड्रिलचा हॅमर म्हणजे ठोके देणारी सोय बंद ठेवून, खूण पाडा, म्हणजे बिट दगडावरून घसरत नाही. मग त्याच बिटने पूर्ण खोलीपर्यंत जा आणि नंतर मोठ्या बिटने भोक रुंद करा. हॅमर कठीण दगडात लावा, ठिसूळ किंवा थरांच्या दगडात तो बंदच ठेवा. बिटला खोलीच्या मापावर टेप गुंडाळून ठेवा. भोकातली पूड ब्लोअरने उडवा, ब्रशने घासा आणि पुन्हा उडवा. रसायनी अँकर निसटण्याचं सगळ्यात मोठं कारण भोकात राहिलेली पूड हेच असतं. रसायन तळापासून दोन-तृतीयांश भरा, रॉड फिरवत आत घाला आणि डब्यावर दिलेला वेळ होईपर्यंत त्याला बोटही लावू नका. गार खोलीत हा वेळ बराच वाढतो. दगडाची पूड फुप्फुसांना घातक असते. एन-९५ दर्जाचा मास्क आणि चष्मा घाला आणि भोकाशेजारी कुणाला तरी व्हॅक्युम क्लीनरचं तोंड धरून उभं करा.

आता ओबडधोबड पृष्ठभागाचा प्रश्न. एका दगडाचं पोट दुसऱ्यापेक्षा तीन-चार सेंमी पुढे आलेलं असतं आणि ब्रॅकेटची पट्टी दोनच ठिकाणी टेकते. तशीच आवळली तर ती वाकते आणि टीव्ही तिरका होतो. रॉड थोडे लांब ठेवा, प्रत्येकावर आधी एक नट आणि वॉशर चढवा, मग पट्टी, मग बाहेरचा नट. आतले नट फिरवत पट्टी ओळंब्यात आणि पाणसळीत आणा, मग बाहेरचे आवळा. पट्टी दगडापासून दोन-तीन सेंमीपेक्षा जास्त बाहेर राहत असेल तर मधल्या मोकळ्या रॉडवर पोलादी नळीचे तुकडे चढवा किंवा दहाचे रॉड घ्या, नाहीतर रॉड वाकतात. प्लायवूडची पाटी मागे लावायची सूचना सुतार हमखास देतो, पण फायरप्लेसच्या वर पोलादी पट्टीच लावा.

पाणसळीबद्दल एक बारीक गोष्ट. जुन्या फळ्या किंचित कललेल्या असतात. टीव्ही तंतोतंत समपातळीत बसवला की फळीसमोर तोच वाकडा दिसतो. फळीचा कल मीटरमागे चार-पाच मिलिमीटरपर्यंत असेल तर टीव्ही फळीशी समांतर लावा. डोळा पाणसळ बघत नाही, शेजारची कड बघतो.

वायर

टीव्हीला वीज लागतेच, बाकीचं वायफायवर चालवता येतं. वीज आणि सिग्नलच्या वायरी आगीच्या कोनाड्यातून, राखेच्या भोकातून किंवा धुराड्याच्या पोकळीतून कधीही नेऊ नका. साध्या पीव्हीसी वायरीचं आवरण साधारण ७० अंशांसाठी बनवलेलं असतं.

नीटस काम हवं असेल तर दगडांमधल्या दरजा ग्राइंडरने कापून, त्यांत पाइप बसवून गवंड्याकडून पुन्हा भरून घेता येतात. पाइप निदान २५ मिलिमीटरचा घ्या, कारण एचडीएमआयचं डोकं बारीक पाइपातून जात नाही, आणि वळणं गोल ठेवा. विजेची वायर आणि सिग्नलच्या वायरी वेगळ्या पाइपांत. दरजा कापायच्या नसतील तर धातूची केसिंग पट्टी फायरप्लेसच्या कडेला, सावलीच्या बाजूने वर न्या आणि दगडाच्याच रंगाने रंगवा. मधोमध वरून खाली येणारी पट्टी कितीही रंगवली तरी दिसते. नवीन सॉकेटचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

सेट-टॉप बॉक्ससारखे डबे कपाटात आणि टीव्ही फळीवर असेल तर वायरीची लांबी फायरप्लेसला वळसा घालून मोजा. ती सहज सात-आठ मीटर भरते. साधी तांब्याची एचडीएमआय वायर चार-के चित्र पाच मीटरपर्यंत भरवशाने नेते, त्यापुढे चित्र मधेच काळं होणं किंवा ठिपके दिसणं सुरू होतं. लांब अंतराला ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. तिची दोन टोकं वेगळी असतात: एक डब्याकडचं, एक टीव्हीकडचं. पाइपात ओढण्याआधी दिशा तपासा आणि जमिनीवरच जोडून चालवून बघा.

आवाज आणि उजेड

दगड आवाज शोषत नाही, परत फेकतो. खोलीत उभं राहून टाळी वाजवा. मागे झणझणीत शेपूट ऐकू आलं तर संवाद अस्पष्ट येणार. सोफ्यापुढे जाड गालिचा आणि दगडासमोरच्या भिंतीवर जाड पडदे किंवा पुस्तकांची मांडणी याने बराच फरक पडतो. साउंडबार फळीवर ठेवणार असाल तर तो फळीच्या पुढच्या कडेला आणा, म्हणजे आवाज फळीवर आपटत नाही. पण ती कड सगळ्यात गरम असते, तेव्हा तिथलंही तापमान मोजा. साउंडबारने टीव्हीचा रिमोटचा डोळा झाकला जाणार नाही, एवढं बघा.

दगडावर वरून खाली पडणारे दिवे लावलेले असतील तर त्यांना मंद करायचं बटण बसवा. दगडाचे खडे पोत उजळले की डोळा पडद्यावरून सारखा तिकडे जातो.

लावून झाल्यावर

पहिली मोठी आग पेटवाल त्या रात्री टीव्ही चालू ठेवा आणि थर्मामीटर पुन्हा त्याच्या खालच्या कडेला टांगा. टीव्ही स्वतः गरम हवेचा मार्ग बदलतो, त्यामुळे आकडा आधीच्या चाचणीपेक्षा वेगळा येऊ शकतो. महिनाभराने नट तपासा, कारण तापण्या-निवण्याने ते सैल पडतात. मागच्या जाळ्या वर्षातून दोनदा कोरड्या मऊ ब्रशने साफ करा. ब्रश काळा निघाला तर धुराड्याचा ओढा पुन्हा बिघडला आहे. धुराड्याची सफाई टीव्ही लावण्याआधीच उरकून घ्या. पुढच्या सफाईला टीव्हीचा प्लग काढा, तो पूर्ण प्लास्टिकने झाका, कडा टेपने बंद करा आणि काजळी खाली बसेपर्यंत उघडू नका.